एकतीस सेकंद

चाकणहून टेम्पो परत आला तेव्हा दुपारचे सव्वातीन.
चारशे बारा मीटर-कव्हरं,
पॉलिकार्बोनेट, काचेसारखी आरपार,
जी मी खरेदीवाल्यांना हातोडीने ठोकून दाखवली होती:
मारा साहेब, अजून जोरात मारा.

आता स्क्रूच्या भोकांभोवती चिरा.
केसाएवढ्या. उजेडात धरल्या की चंदेरी,
जरा तिरकं केलं की नाहीशा.
कुणी ठोकलं नव्हतं, कुणी पाडलं नव्हतं.

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये
खापर फुटायला वेळ लागत नाही.
ते फुटलं मालन शितोळेच्या डोक्यावर,
कारण पॅकिंगच्या टेबलावर तिची चिंधी होती
आणि चिंधीला पेंटशॉपच्या थिनरचा वास.

ती म्हणाली, मार्करचे डाग साबणाने निघत नाहीत.
दोन वर्षं अशीच पुसते, तुमच्यादेखत.
मग डबा बाजूला सारून म्हणाली,
पुसली तर मी सगळीच ना?
मग काही फुटली, काही नाही, ते कसं?

बेंद्रे साहेबांनी घड्याळ बघितलं.
हा प्रश्न खरं तर माझ्या खात्याचा होता.

पाळी सुटल्यावर बसलो एकटाच, ट्यूबलाइटखाली,
दोन काळपट पोलरॉइड फिल्म, मधे कव्हर.
दिवसपाळीचं: जवळजवळ कोरं.
रातपाळीचं:
भोकाभोवती जांभळा, हिरवा, पिवळा, पुन्हा जांभळा,
पट्ट्याला पट्टा चिकटून,
लांडेवाडीच्या पंपासमोर डबक्यावर डिझेल तरंगतं तसा.
एवढं सगळं त्या अंगात होतं
आणि आम्ही शिक्का मारला होता: स्वच्छ.

थिनर जोर लावत नाही.
तो नुसता आत झिरपतो
आणि एकमेकींत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्यांत
चाचपत राहतो, कुठे ओढ बसतेय.
बसत नसेल तिथून उडून जातो,
मागे वास तेवढा.
बसत असेल तिथे साखळ्यांची मिठी सैल होते,
एक सुटते, तिच्या वाट्याचं शेजारणीवर येतं,
मग तीही.

पण ओढ त्याने आणलेली नसते.
ती साच्यातली.
तापलेला रस थंड पोलादाला टेकला,
कड गोठली, पोट अजून मऊ,
आणि आम्ही दार उघडून म्हणालो, चल, हो बाहेर.
तेव्हापासून ते अंगावर काढत होतं.

सायकल कार्ड मशीनलाच लटकतं, तेलकट, दोऱ्याने.
अठ्ठेचाळीस सेकंद खोडून एकतीस.
पुढे तारीख. पुढे 'ऑर्डर अर्जंट'.
खाली सही, पिसाळ,
त्यातल्या ळ-ची शेपटी माझ्याशिवाय
कुणी एवढी लांब ओढत नाही.

सकाळी उरलेला माल भट्टीत लावला.
मालन बघत उभी.
काय होतं यानं?
ताण जातो.
किती वेळ?
एकशे वीस डिग्रीवर चार तास. मग दार न उघडता
थंड होऊ द्यायचं, त्याच्या त्याच्या चालीनं.
ती हसली. म्हणाली, मग मलापण ठेवा की एका ट्रेवर.
मी हसलो नाही. हसायला हवं होतं बहुतेक.

अहवालात कारणासाठी एकच रकाना असतो.
आधी मी थिनर लिहिलं. ते काही खोटं नव्हतं.
मग स्वल्पविराम दिला
आणि एकतीस लिहिलं, आकड्यात,
साहेबांना चष्मा न लावता दिसेल एवढं.

ज्यांना चिरा गेल्या त्यांना भट्टीचा उपयोग नाही.
ती जिन्याखाली, निळ्या क्रेटमध्ये.
कॉम्प्रेसर बंद झाला की दुपारी
तिथून कधीतरी आवाज येतो,
टिक.
चहाचा पेला हातात धरून मालन माझ्याकडे बघते.